मैना कंपनीचा इतिहास

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी साडेबाराला, पुंडलिक गजभिये यांनी कूलरचं बटण दाबलं. कूलरनं फक्त 'हूं' केलं. मग जळक्या वार्निशचा वास आला आणि भिलाईच्या स्मृति नगरातल्या त्या घरात इतकी शांतता झाली की शेजारच्या भैय्याजींचा एसी ऐकू यायला लागला. आपल्या घरात बसून दुसऱ्याचा एसी ऐकावा लागणं हा गजभियांना स्वतःचा अपमान वाटला.

गजभिये स्टील प्लांटच्या स्टोअर्समधून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी तिथल्या प्रत्येक नटबोल्टाला कार्ड लावलं होतं. त्यांच्या सहीशिवाय भट्टीचं पानही हलत नसे, असं ते सांगत. भट्टीला पान नसतं हे कुणी लक्षात आणून दिलं, तर ते त्याच्याकडे मागणीचा इंडेंट न भरता माल मागायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत. अशा माणसानं कूलर बंद पडल्यावर घाबरायचं कारण नव्हतं, पण ते घाबरले. त्यांनी बटण आणखी तीनदा दाबलं. कूलरच्या पत्र्यावर थापटी मारली. शेवटी "काय झालं बाप्पा तुले?" असं त्याला विचारूनही पाहिलं.

नरेश मेकॅनिक संध्याकाळी आला. त्यानं मोटरला नाक लावलं आणि ती जळल्याचा निकाल दोन सेकंदांत दिला. "कका, ये तो जर गे हे. पुराना तार काट के फेंकबो, नवा भरबो. दू दिन लगही." असं म्हणून त्यानं पिशवीतून कटर काढला.

"हाथ मत लगाना!" गजभिये इतक्या जोरात ओरडले की नरेशनं कटर पिशवीत टाकला आणि पिशवी पाठीमागे लपवली.

याचं कारण नरेशला सांगण्यासारखं नव्हतं. कूलर मैना कंपनीचा होता. मैना म्हणजे भिलाईची स्वतःची कंपनी. पंखे, मिक्सर, पाण्याचे हीटर, सगळं तिथं बनायचं, आणि कूलर तर असे की एकदा खिडकीत बसला की घर पडेल पण तो हलणार नाही. गजभियांची बायको शेवंता त्या कंपनीच्या वाइंडिंग सेक्शनमध्ये चौदा वर्षं होती. तिथं सगळ्या बायाच. तांब्याची बारीक तार साच्यावर गुंडाळायची, कॉइल मोटरमध्ये बसवायची, दोऱ्यानं बांधायची आणि वार्निशमध्ये बुडवायची. दोरा प्रत्येकीचा वेगळ्या रंगाचा असे. मोटर कुरकुरत परत आली की फोरमन झाकण उघडून दोरा पाहायचा, आणि कोणाला बोलवायचं ते त्याला कळायचं. कामाच्या पहिल्या दिवशी दोऱ्यांचा डबा समोर आला तेव्हा बाकीच्या विचार करत राहिल्या आणि शेवंतानं निळ्या दोऱ्याची गुंडी उचलून कमरेला खोचली. निळ्या दोऱ्याची मोटर एकदाही परत आली नाही, हे ती पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायची.

घरातल्या कूलरची मोटर तिच्याच हातची होती, हे गजभियांना एकतीस वर्षं ठाऊक होतं. तिनं तसं कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच काय?

शेवंता जाऊन दोन उन्हाळे झाले होते. तिच्या हातचं लोणचं पहिल्याच वर्षी संपलं. तिच्या साड्या मुलगी उत्कर्षा हैदराबादला घेऊन गेली. तिनं लावलेला कढीपत्ता भैय्याजींच्या गाईनं खाल्ला आणि भैय्याजींनी गाईची बाजू घेतली. तिच्या हातचं अजून चालणारं, फिरणारं, अंगाला वारा लावणारं असं घरात एकच उरलं होतं. ते नरेशनं कापून भंगारात टाकावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. दोन वर्षं ते दुपारी त्या वाऱ्यासमोर बसून दिवसभराचं सगळं सांगत. कूलर नेहमी हो म्हटल्यासारखा घुमायचा, जे शेवंतानं हयातीत फारसं केलं नव्हतं.

आता यातून एकच मार्ग होता. मैना कंपनीतलं एखादं जुनं माणूस शोधायचं आणि ती तार न कापता मोटर सुरू होते का ते विचारायचं. कंपनी बंद पडून बावीस वर्षं झाली होती, पण माणसं कुठंतरी असणारच. म्हणून ते भैय्याजींकडे गेले. भैय्याजी महाराष्ट्र मंडळाचे सचिव, आणि भिलाई-दुर्गमधल्या प्रत्येक मराठी माणसाचा फोन नंबर, रक्तगट आणि भांडणं त्यांना पाठ.

"मैनावाल्या लोकांचा पत्ता कावून पाह्यजे जी तुमाले?" भैय्याजींनी विचारलं.

गजभिये अडखळले. बायकोच्या हातची कॉइल वाचवायची आहे, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. पण समोर भैय्याजी होते, आणि भैय्याजींना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पार रिसालीच्या वस्तीत पोचते. गजभिये म्हणाले, "त्या कंपनीचा इतिहास लिहून राहिलो."

"वा!" भैय्याजी खुर्चीतून उठले. "मंग एक मेच्या स्मरणिकेत छापू नं! मी आत्ताच ग्रुपवर टाकतो."

"अजून सुरुवात नाही झाली जी..."

"टाकलं."

संदेश असा होता: 'आपल्या भिलाईच्या मैना कंपनीचा इतिहास श्री. गजभिये लिहीत आहेत. ज्यांच्याकडे जुनं सामान, माहिती असेल त्यांनी त्यांच्या घरी पोचवावं.' खाली पत्ता, दोन हात जोडलेले आणि एक झेंडा. यात 'माहिती'च्या आधी 'सामान' आलं, तिथं घात झाला. भिलाईत एसी आल्यापासून प्रत्येक गच्चीवर एक मैना कूलर गंजत उभा होता, आणि प्रत्येक घरातली बाई नवऱ्याला विचारत होती की हा कधी हलवणार. आता त्या नवऱ्यांना उत्तर मिळालं.

पहिला कूलर दुसऱ्याच दिवशी आला. मग हातगाडीवर दोन आले. पाचवा कूलर पुण्याला निघालेल्या एका कुटुंबानं थेट सामानाच्या ट्रकमधून फाटकाशी उतरवला आणि ती माणसं थांबलीसुद्धा नाहीत. आठ दिवसांत अंगणात चौदा कूलर झाले. गजभियांनी परत न्या म्हणायला हवं होतं. पण छत्तीस वर्षांची सवय. दारात माल आला की त्यांचा हात आपोआप पावती लिहायला लागायचा.

कूलरबरोबर इतिहासही आला, आणि तोही परत नेत नव्हतं कोणी. कंपनी अमरलाल सेठनं एकोणऐंशी साली एका शेडमध्ये काढली, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढं प्रत्येकाची वेगळी कथा. कंपनी का बुडाली? एक निवृत्त इंजिनियर म्हणाले, पंपामुळे. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, जावयामुळे. तिसरे गृहस्थ म्हणाले की नवं राज्य झालं तेव्हा सेठनं प्रत्येक कूलरवर 'छत्तीसगढ़ का अपना कूलर' अशी पट्टी लावली, त्याच वर्षी बाजारात प्लास्टिकचे हलके कूलर आले आणि लोकांनी आपल्याला सोडून परका उचलला. एवढं मात्र सगळ्यांना आठवत होतं की कंपनीच्या बोधचिन्हातली मैना ज्या पेंटरनं काढली त्यानं जन्मात मैना पाहिली नव्हती. त्यानं रोज दिसणारा पक्षी काढला आणि चोच पिवळी रंगवली. तेव्हापासून साऱ्या भिलाईत त्याला 'कौवा कूलर'च म्हणत. गजभियांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. वाइंडिंगवाल्या बायांबद्दल मात्र कोणालाच काही माहीत नव्हतं. "होत्या काहीतरी बाया," असं इंजिनियर म्हणाले, आणि गजभियांनी त्यांना दुसरा चहा दिला नाही.

चूक पुढं झाली, आणि ती स्टोअर्सचा माणूसच करू शकतो. आलेल्या मालाची तपासणी केल्याशिवाय तो दप्तरी घ्यायचा नाही, हा नियम. कूलरची तपासणी म्हणजे टाकी गळते का ते पाहणं. गजभियांनी चौदाच्या चौदा टाक्या पाण्यानं भरल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी लावली आणि सात दिवस निरीक्षणाखाली ठेवल्या. पाच टाक्या गळल्या. उरलेल्या नऊ शाबूत निघाल्या आणि त्यांत सातव्या दिवशी डासांची अशी भरभराट झाली की भैय्याजी दिवसाढवळ्या मच्छरदाणीत बसून फोनवर बोलू लागले. गल्लीत आरोग्य विभागाची गाडी आली. गाडीतल्या माणसानं टॉर्चनं एकेका टाकीत पाहिलं आणि चिठ्ठ्या वाचल्या. "कबाड़ीवाले अंकल," तो म्हणाला, "आपने तो तारीख डाल-डाल के मच्छर पाले हैं." आणि नोटीस दिली.

नोटिशीपेक्षा 'कबाड़ीवाले' हा शब्द गजभियांना लागला. त्यांनी पाणी ओतून टाकलं, इस्त्रीचा शर्ट घातला, विषय, संदर्भ आणि सहपत्रं असलेला अर्ज लिहिला आणि ते महापालिकेच्या ऑफिसात गेले. खिडकीतली मुलगी भली होती. तिनं अर्ज पूर्ण वाचला, आणि आपला अर्ज कोणी पूर्ण वाचल्याची गजभियांची ही पहिलीच वेळ होती.

"अंकल, जगह का उपयोग क्या भरूं? निवास, दुकान, गोदाम, कबाड़?"

"इतिहास," गजभिये ताठ मानेनं म्हणाले.

तिनं कंप्यूटरवर वर-खाली शोधलं. "कंप्यूटर में इतिहास नहीं है, अंकल."

शेवटी तिनं 'अन्य' भरलं आणि कूलर तीस एप्रिलच्या आत हलवायची लेखी हमी घेतली. गजभिये बाहेर आले ते अन्य होऊनच.

त्या संध्याकाळी उत्कर्षाचा फोन आला. चौदा कूलरचा फोटो कोणीतरी तिच्यापर्यंत पोचवला होता. "बाबा, ये क्या चल रहा है? मी एसी बुक केला आहे, परवा माणूस येईल. आणि तुम्ही घरात गोदाम करून राहिले!"

"एसी नाही पाह्यजे मले."

"कावून पण? बेचाळीस डिग्री आहे तिथं. काही झालं तर मी इथून कशी पोचू?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम चिरकला. "आई गेली तेव्हा पण पोचली नव्हती मी."

गजभिये पायरीवर बसले. समोर चौदा कूलर रिकाम्या तोंडानं उभे होते. त्यांना आता लपवण्याचा कंटाळा आला. "बेटा, तुया आईच्या हातची मोटर आहे ती. जळली. नरेश म्हणतो कापून फेकू. कापली तं मंग माह्याजवळ तिचं चालणारं काहीच नाही राहत. म्हणून मी माणूस शोधून राहिलो. इतिहास-बितिहास काही नाही."

 उत्कर्षा म्हणाली, "बाबा, कूलर 'हूं' करून चालू व्हायचा, तो आवाज माझ्याकडे रेकॉर्ड पण नाही."  एसीचा माणूस परवा आला नाही.

पण तिनं एक काम केलं. ग्रुपवर स्वतः दोन ओळी टाकल्या: 'मैना कंपनीत वाइंडिंगला असलेल्या शेवंता गजभियेंच्या मैत्रिणी कोणी असतील तर बाबांना भेटा.' चौदा कूलर गोळा करून गजभियांना जे साधलं नाही, ते या दोन ओळींनी चार दिवसांत केलं. अठ्ठावीस एप्रिलला सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उतरली. हातात पर्स नव्हती, स्क्रूड्रायव्हर होता.

"जयभीम. शेवंताचे मिस्टर नं तुम्ही? मी कलावती. दुर्गच्या पद्मनाभपूरले राह्यते, सुनेकडे. बाजूबाजूच्या टेबलावर होतो आम्ही." इतकं बोलून ती चपला काढून आत गेली, कूलरची मागची वाळ्याची ताटी काढली, आणि गजभिये "जरा जपून" म्हणेपर्यंत मोटरचं झाकण उघडून तिनं आत बोट घातलं.

"अगा बाई!" ती म्हणाली. "ही तं माया हातची आहे."

गजभियांनी वाकून पाहिलं. जळक्या, काळ्या पडलेल्या कॉइलभोवती दोरा होता. त्याचा एक टोकाचा तुकडा वार्निशमधून वाचला होता. तो गुलाबी होता.

 चहा ठेवतो म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि तिथं गॅस न पेटवता उभे राहिले. एकतीस वर्षं. गेली दोन वर्षं रोज दुपारी ते ज्या वाऱ्याला आपल्या मनातलं सांगत होते, तो एका अनोळखी बाईच्या हातचा होता. त्यात त्यांनी आपल्या गुडघ्याचं, पेन्शनच्या कागदांचं आणि शेवंताशिवाय पोळ्या कशा जाड होतात त्याचं सगळं सांगितलं होतं. त्यांना लाज वाटली. मग लाजेच्याही खालून दुसरं काहीतरी आलं. शेवंता त्यांना आज दुसऱ्यांदा गेल्यासारखी वाटली.

चहा घेऊन ते बाहेर आले तेव्हा कलावती अंगणात होती. तिनं चौदापैकी नऊ मोटरा उघडल्या होत्या आणि ती जुनी ओळखीची माणसं भेटल्यासारखी बोलत होती. "हा हिरवा भीमाबाईचा. तिची गाठ पाहा, दोनदा मारे, भित्री होती. हा पिवळा दुर्गाचा. दुर्गा लग्न करून रायगढले गेली. हा नारंगी मथुराचा. फोरमन तिले रोज बोलवे, मोटर खराब नसली तरी बोलवे." ती हसली. "लिहा नं जी. इतिहास लिहून राहिले नं तुम्ही?"

गजभियांनी वही आणली आणि लिहिलं. हिरवा, भीमाबाई. पिवळा, दुर्गा. नारंगी, मथुरा. मग पेन थांबला. "निळा दिसला का कोणत्यात?"

"यात कुठून दिसन? शेवंताच्या मोटरा कोणी फेकते का?" कलावतीनं चहा बशीत ओतला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग बशी खाली ठेवली. "भाऊजी, तुमाले वाटलं का तिनं स्वतःच्या घरची मोटर भरली?"

गजभियांनी हो म्हणून मान हलवली.

"आमाले मनाई होती नं! आपल्या घरच्या मोटरले बाया चांगली तार घालतीन, दोन वेढे जास्त देतीन, म्हणून सेठनं नियम काढला. आपल्या घरची आपण नाही भरायची, बाजूवालीनं भरायची. तं आम्ही काय करे, मी तिच्या मोटरले दोन वेढे जास्त देऊ आन् ती मायावालीले." ती दारातून आतल्या आपल्या जळलेल्या मोटरकडे पाहून म्हणाली, "मायी जळली शेवटी. तिले समजलं असतं तं वर्षभर चिडवलं असतं मले."

"आणि तिची?"

"तिची? माया घरी आहे नं. चालू आहे. आत्ता येताना बंद करून आली."

दुपारच्या उन्हात, छत्री विसरून, गजभिये कलावतीबरोबर रिक्षात बसून पद्मनाभपूरला गेले. वाटेत भैय्याजींचा फोन आला की स्मरणिकेचा मजकूर आजच हवा, छापखाना थांबला आहे. गजभियांनी तिथल्या तिथं वहीतली नावं वाचून दाखवली. हिरवा, पिवळा, नारंगी, गुलाबी. भैय्याजी म्हणाले, "आन् सेठचं काय?" गजभिये म्हणाले, "सेठचं सगळ्यांले माहीत आहे," आणि फोन ठेवला.

कलावतीच्या घरात मैना कूलर खिडकीत होता. रंग उडालेला, पिवळ्या चोचीचा कावळा अर्धा पुसलेला. तिनं बटण दाबलं. कूलरनं 'हूं' केलं, क्षणभर थांबला, आणि वारा आला. गजभियांनी झाकण उघडायला लावलं नाही. एकतीस वर्षं एक गोष्ट न पाहता मानली होती, ही दुसरी मानायला त्यांना जड गेलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढून तो आवाज उत्कर्षासाठी रेकॉर्ड केला आणि मग नुसते खुर्चीत बसले. वारा गार होता. त्यांनी डोळे मिटले.

"घेऊन जा जी ही मोटर," बऱ्याच वेळानं कलावती म्हणाली. "मनापासून सांगते. मी त्या जळलेलीत नवी तार भरून घेईन, मले काय."

गजभियांच्या घशात हो आला होता. तो त्यांनी गिळला. ही मोटर कोणाच्या नावानं काढली होती, ते त्यांना आता माहीत होतं. "नाही," ते म्हणाले. "तिनं ती तुमच्यासाठी भरली. दोन वेढे जास्त देऊन." मग म्हणाले, "मी येत जाईन अधूनमधून. चालन का?"

"चालन कावून नाही?" म्हणत कलावती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. कूलरचा सूर हळूहळू बदलला, घरघर कोरडी झाली. पाणी संपल्यावर मैना असाच वाजतो, हे गजभियांना झोपेतही कळायचं, कारण एकोणतीस उन्हाळे शेवंता तो आवाज ऐकताच आतून एकच हाक मारायची.

"अवो, पाणी पाहा नं कूलरचं!" कलावतीनं आतून आवाज दिला, सवयीनं, बहुधा कोणालाच उद्देशून नाही.

गजभिये आधीच बादली घेऊन नळाशी उभे होते.